अल्पशा आजाराने

"चप्पल बाहेरच राहू द्या," अच्युत रिसबूड म्हणाले. "दाराबाहेर चपला दिसल्या की लोकांना खरं वाटतं."

मी उंबऱ्यावरच थांबले. ज्या माणसाच्या निधनाची बातमी आमच्या वेबसाइटने सकाळी लाखभर मोबाइलांवर धाडली होती, तो समोर वेताच्या खुर्चीत बसून पेरू खात होता. इस्त्रीचा शर्ट, नुकतीच केलेली दाढी. फ्लॅटचं दार सताड उघडं.

"या. तुमचे ते संपादक वाबळे फोनवर म्हणाले, आमची बाई पाठवतो. माफी मागायला आलात की खात्री करायला?"

"दोन्ही, सर."

"मग आधी खात्री करा." त्यांनी मनगट पुढे केलं.

आणि मी खरंच नाडी धरली. का धरली, ते अजून मला सांगता येत नाही. मनगट गरम होतं, पेरूचा वास येत होता.

*

बातमी, जशी गेली तशी:

ज्येष्ठ वृत्तनिवेदक अच्युत रिसबूड यांचे आज (वेळ टाका) पुणे येथे दुःखद निधन झाले. ते ८६ वर्षांचे होते. युद्धे, भूकंप, धरणफुटी, सत्तापालट, जगातील प्रत्येक उलथापालथ महाराष्ट्राने त्यांच्या स्थिर आवाजात ऐकली. त्यांची कन्या शुभदा हिचे ऐन तारुण्यात अल्पशा आजाराने निधन झाले, त्या दिवशीही त्यांनी सकाळचे बातमीपत्र चुकवले नाही. त्यांच्या पश्चात मुलगा, सून आणि नात असा परिवार आहे.

*

हा मजकूर माझा. दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला. आमच्या धंद्यात असे मजकूर तयार ठेवतात. माणूस मोठा असला, वय झालेलं असलं, की त्याची बातमी आधीच शिजवून झाकून ठेवायची. आणि दर वाढदिवसाला उघडून वय एकाने वाढवायचं, एवढीच त्याची देखभाल. त्या दिवशी रिसबूडांचा वाढदिवस होता. डेस्कवरच्या सारंगने पंच्याऐंशीचे शहाऐंशी केले आणि 'जतन करा'च्या शेजारचं बटण दाबलं.

माझी साप्ताहिक सुट्टी होती. ओवीच्या शाळेचं गॅदरिंग होतं, ती सूर्यफूल होणार होती आणि मी तिच्या पाठीला पिवळ्या पाकळ्या टाचत होते. वाबळे सरांचा फोन आला. रिसबूड माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहतात, मजकूरही माझाच, तेव्हा जाऊन म्हाताऱ्याचा व्हिडिओ आण. आजचा पेपर हातात धरून दोन वाक्यं बोलायला लाव, दुपारच्या आत दुरुस्ती गेली पाहिजे, नाहीतर उद्यापासून आपण दोघं घरी. मी गॅदरिंगचं म्हटलं. सर नेहमीचं बोलले.

"त्या माणसाने पोरगी गेली त्या दिवशी बुलेटिन वाचलंय. आणि तू पाकळ्या सांगतेस."

हे वाक्य नवीन नव्हतं. आमच्या अख्ख्या पिढीला पत्रकारितेच्या वर्गात ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगितली जायची. रिसबूड स्टुडिओत आले, ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला म्हणाले, मुलगी वारली, आणि आत जाऊन बातम्या वाचल्या. आवाजात कंप नाही. ओवीला ताप असताना मी निवडणुकीच्या निकालाला गेले होते तेव्हा हीच गोष्ट मनात घोळवत गेले होते. देवळात जाताना देवाचं नाव घोळवतात तशी.

*

रिसबूडांनी पेरूची बी बशीत काढून ठेवली आणि मजकूर वाचून दाखवायला सांगितलं. मोबाइलवर त्यांनी वाचला होता, पण त्यांना ऐकायचा होता.

मी वाचू लागले. पहिल्याच ओळीला त्यांनी हात वर केला.

"दुःखद निधन. सुखद कुणाचं झालेलं ऐकलंय का?"

"तसं लिहायची पद्धत आहे, सर."

"पद्धतच विचारतोय. आणि वेळ टाका म्हणजे काय? टाकायची राहिली की माझ्यावर सोपवलीत?"

मला हसू आवरलं नाही. तेही हसले. तेवढ्यात दारात सोसायटीचे सेक्रेटरी कानडे उगवले. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून हाराचं टोक बाहेर आलेलं. खुर्चीत रिसबूडांना बघून त्यांनी पिशवी पाठीमागे नेली आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

"हार आणलायत तर देऊन जा, कानडे. फुलं काय, कुठल्याही निमित्ताला चालतात."

कानडे हार टीपॉयवर ठेवून जवळजवळ पळालेच. असे सकाळपासून तिघे-चौघे येऊन गेले होते म्हणे. मुलाचा अमेरिकेतून फोन आला होता. त्याला यांनी स्वतःच सांगितलं होतं की मी आहे, तू झोप. पण बाकी कुणाला फोन केला नव्हता. आमच्या वाबळ्यांचाही फोन आधी तासभर उचलला नव्हता.

मी पुन्हा वाचायला घेतलं. शुभदाच्या ओळीपाशी आले तेव्हा त्यांनी हात वर केला नाही. मीच थांबले.

"ही ओळ कुठून घेतलीत?"

"सगळ्यांना माहीत आहे, सर. आम्हाला शिकवतात ती गोष्ट."

"ती नव्हे. अल्पशा आजाराने."

खरं तर ती मुलगी कशाने गेली हे कुठेच नव्हतं. जुन्या मुलाखती पाहिल्या, दोन निवृत्त सहकाऱ्यांना विचारलं, कुणाला सांगता आलं नाही. आणि अशा वेळी आम्ही तेच लिहितो. मी त्यांना तसं सांगितलं.

"हं," एवढंच म्हणून ते दाराकडे बघत राहिले.

*

व्हिडिओला ते तयार होईनात. मी मोबाइलचा स्टँड उभा केला, आजचा पेपर त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"दुपारपर्यंत राहू द्या ना बातमी. काय बिघडतंय?"

"सर, माझी नोकरी बिघडतेय."

"वाबळ्यांना माझ्यामुळे उशीर झाला म्हणून सांगा. मेलेला माणूस सहकार्य करत नाहीये म्हणावं."

वाबळे सरांचे मेसेज थडाथड येऊन पडत होते. दुसऱ्या दोन चॅनलांनी आमची बातमी उचलली होती. कुठल्याशा मंत्र्याने शोकसंदेश काढला होता. मध्येच नवऱ्याचा मेसेज: ओवी विचारतेय आई कुठे बसणार, डावीकडे की उजवीकडे. मग मात्र मी चिडले. म्हटलं, सर, तुम्ही स्वतःच्या मरणाची मजा बघत बसलाय का? लोक तुमच्याबद्दल काय काय लिहितायत ते चाखत?

त्यांना राग आला नाही.

"मजा नाही, बाई. वाट बघतोय."

"कुणाची?"

"बातमी ऐकून एक माणूस येईल. नाही आलं तर तुमचा कॅमेरा आहेच."

मला वाटलं, कुणी जुना मित्र असेल. भांडण झालेला वगैरे. मी फोन पालथा घातला. मग ते मला स्टुडिओच्या गोष्टी सांगत बसले. निवेदकाने कागद हातात धरायचा नाही, टेबलावर ठेवायचा, टेबलावर जाड बनातीचं कापड असायचं. का, तर माइकला कागद ऐकू येतो. आवाज ताब्यात ठेवता येतो, कागद नाही, ते म्हणाले. मी मान हलवत होते आणि मनातल्या मनात सूर्यफुलाच्या पाकळ्या मोजत होते.

*

ती आली तेव्हा मी पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पंचावन्न-साठीची बाई. आखूड कापलेले पांढरे केस, निळ्या काठांची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. एसटीचा प्रवास करून आलेला चेहरा. तिने दाराबाहेर चपला काढल्या, पदर सारखा केला आणि आत येऊन थबकली.

अजून एक, असं मनात म्हणून मी पुढे झाले. "बाई, बातमी चुकीची गेली आहे. सर ठीक आहेत."

"ते दिसतंय," ती म्हणाली.

रिसबूड उठायचा प्रयत्न करत होते. जमलं नाही. खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन अर्धे उठले आणि परत बसले.

"शुभे," ते म्हणाले.

मी तो मजकूर इतक्यांदा वाचला होता की नाव ऐकल्याबरोबर पुढची ओळ आपोआप डोक्यात उमटली. ऐन तारुण्यात. माझ्या हातातलं भांडं कलंडलं आणि पाणी माझ्या पायावर सांडलं. मला ते गार लागलं हे पुष्कळ वेळाने कळलं. मी त्या बाईच्या पावलांकडे बघत होते. पावलांना धूळ होती. लहानपणी ऐकलेलं आठवून मी ती पावलं सरळ आहेत की उलटी ते बघत होते. खोटं नाही सांगत.

"तुम्ही तर वारला होतात," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मोबाइलच्या स्टँडकडे.

"तुम्ही बातमीवाल्या का? मग एक सांगा. कशाने? मला कुणी सांगितलंच नाही कधी."

"अल्पशा आजाराने."

ती हसली. मोठ्याने नाही. "हो. अल्पसाच होता. युसूफ मुलाणी नावाचा. अजून बरा झालेला नाही, साताऱ्याला दुकान सांभाळतोय."

*

(संपादकांनी नंतर काय केलं ते इथेच सांगून टाकते, शेवटी सांगण्याच्या लायकीचं ते नाही. मी आणलेल्या रेकॉर्डिंगचं त्यांनी पहिलं अर्धं मिनिट वापरलं. उरलेलं बघून त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि म्हणाले, ही गोष्ट मी वीस बॅचना सांगितली आहे. एवढंच. आजही सांगतात. गॅदरिंगला मी पोचले तेव्हा हॉलमध्ये खुर्च्या एकावर एक रचत होते. ओवी पायरीवर बसली होती, अंगावर पाकळ्या तशाच. आई, बातमी मोठी होती का, तिने विचारलं. मी तिला उचलून घेतलं. ती उचलण्याच्या वयाची राहिली नव्हती.)

*

"मी मेलो असं ऐकून आलीस," रिसबूड म्हणाले.

"तुमचंच वाक्य होतं. मी मेल्यावरच या घराची पायरी चढ. मी शब्द पाळला, बाबा. तुम्ही नाही पाळलात." ती अजून उभीच होती. "बातमी तुम्ही सोडलीत?"

"नाही. ती यांची चूक. मी फक्त दुरुस्त करू दिली नाही."

"म्हणजे बोलावलंत."

मला तिथून जायला हवं होतं, हे कळत होतं. पण खरं सांगायचं तर मला ऐकायचं होतं. इतकी वर्षं जे डोक्यावर घेऊन फिरले ते माझ्यासमोर फुटत होतं आणि मला तुकडे बघायचे होते.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही त्यांना सांगितलंत काय त्या दिवशी? स्टुडिओत?"

"स्पष्ट सांगितलं. मुलगी वारली. माझ्या वाक्यात दोन अर्थ निघत नसत." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "पहाटे तिची चिठ्ठी वगैरे काही नव्हती. तोंडावर सांगून गेली. मी तिच्या नावाने आंघोळ केली. थंडीत, गार पाण्याने. डोकं ओलं तसाच रेडिओवर गेलो. अधिकाऱ्याने विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ते म्हणाले, घरी जा. मी म्हणालो, बातमीपत्र आहे. घरी जाऊन काय करणार होतो? घरी प्रेत नव्हतं."

"आणि नंतर?"

"नंतर लोक भेटायला आले. गोष्ट झाली. सत्कार झाले. तुमच्यासारख्या मुली पाया पडायला लागल्या. दुरुस्ती द्यायची तर त्याच दिवशी द्यायची असते. दुसऱ्या दिवशी ती बातमी राहत नाही."

"आईच्या वेळी?" शुभदाताईंनी विचारलं.

"तुला कळवायला..."

"मला पेपरात कळलं. आठवड्याने. पश्चात पती, मुलगा असा परिवार. मी म्हटलं, बरोबर आहे, मेलेल्या माणसाला कोण कळवणार."

खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

मग त्या भिंतीशी ठेवलेल्या स्टुलावर टेकल्या. पिशवी मांडीवर घट्ट धरून.

"त्या सकाळी मी ऐकत होते तुम्हाला," त्या म्हणाल्या. "स्वारगेटला. चहाच्या गाडीवर रेडिओ लागला होता. युसूफ तिकिटं काढायला गेला होता. पहिली बातमी कुठल्याशा राजाने देश सोडल्याची होती. मी म्हटलं, आता हलेल. सोडल्याची म्हणताना हलेल. मग कांद्याच्या निर्यातीची, मग कुठेतरी बोट बुडाल्याची. मी ठरवलं होतं, एकदा जरी आवाज हलला ना, तर बसमध्ये चढायचं नाही. युसूफला सांगायचं, थांब, मी बाबांशी बोलून येते. हवामानापर्यंत थांबले, बाबा. तुम्ही थंडीचा कडाका कायम राहील म्हणालात आणि बातमीपत्र संपलं म्हणालात. मी चढले."

रिसबूडांचा चेहरा बदलला नाही. मी बारकाईने बघत होते. शहाऐंशी वर्षांच्या त्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"आवाज हलू द्यायचा नसतो," ते म्हणाले.

"माहीत आहे. मला वाटलं, एक दिवस."

*

त्यांनी मला कागद मागितला. माझ्या पर्समध्ये ओवीच्या गॅदरिंगची छापील पत्रिका होती, पाठकोरी. त्यावर त्यांनी मांडीवर पेपरची घडी घेऊन लिहिलं, एकटाकी, खाडाखोड नाही. मग म्हणाले, लावा तुमचा कॅमेरा.

मी लावला. पडद्यावर फक्त चेहरा आणि कॉलर येईल अशी चौकट धरली. आम्ही तशीच धरतो. टेबल नव्हतंच, कागद त्यांनी हातात धरला. घसा साफ केला आणि सुरुवात केली. लहानपणी आजोळी सकाळी चुलीच्या धुरात ऐकलेला आवाज होता तो, जसाच्या तसा.

"नमस्कार. आज सकाळी प्रसृत झालेली अच्युत रिसबूड यांच्या निधनाची बातमी चुकीची आहे. ते हयात आहेत. श्रोत्यांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी."

तिथे माझं काम झालं होतं. पण ते थांबले नव्हते.

"दुसरी दुरुस्ती. अडतीस वर्षांपूर्वी अच्युत रिसबूड यांनी त्यांची कन्या शुभदा हिचे निधन झाल्याची बातमी दिली होती. ती बातमी खोटी होती आणि ती देताना त्यांना ते ठाऊक होते."

एक अक्षर घसरलं नाही. विराम जागच्या जागी. मी पडद्यावर बघत होते आणि पडद्यावर एक शांत म्हातारा माणूस बातम्या देत होता.

माझ्यामागे स्टूल सरकलं. शुभदाताई उठल्या होत्या.

"अजूनही नाही," त्या हळूच म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही. दाराशी जाऊन त्यांनी एक पाय चपलेत घातला.

मी जे बोलले ते विचार करून बोलले नाही. चार वेळा ऐकून कान तयार झालेला असतो, तसं तोंडातून गेलं. "सर, पुन्हा घ्यावं लागेल. कागदाचा आवाज येतोय."

खरंच येत होता. बारीक, सतत, पानांच्या ढिगात काही वळवळावं तसा. मी पडद्यावरून नजर काढून प्रत्यक्ष बघितलं. चौकटीच्या खाली, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या जागी, त्यांचे दोन्ही हात कोपरापासून थडथड उडत होते. त्यांनी ते मांडीत दाबायचा प्रयत्न केला. कागद आणखीच वाजला.

दारातली हालचाल थांबली.

शुभदाताई वळून बघत होत्या. आधी चेहऱ्याकडे. मग खाली. किती तरी वेळ खालीच. मला एकदम त्या स्टुडिओतलं जाड बनातीचं कापड आठवलं, आणि वाटलं त्यांनाही तेच काहीतरी आठवत असणार. पण त्या सकाळी त्या कापडावर हात कसे होते, ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं, कुणीच पाहिलेलं नव्हतं.

पायातली चप्पल काढून त्या परत आल्या. खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या, गुडघा दुखत असावा तशा, सावकाश. वडिलांचा हात धरला नाही. कागदाची खालची कड मात्र दोन बोटांत घट्ट पकडली.

"आता वाचा," त्या म्हणाल्या. "मी ऐकतेय."

कागद थांबला. आणि आवाज हलला.